पुढून बघितलेलं लग्न

तंबूवाल्यांनी आयुष्यभर लोकांची लग्नं उभी केली, पण एकही लग्न धड पुढून बघितलं नाही. लग्न लागायची वेळ झाली की तंबूची माणसं कापडाच्या मागे जातात, ही त्या धंद्याची रीतच. पुढे पाहुणे, अत्तरं, फोटो. मागे दोरखंड, जनरेटरचा धूर आणि एक डोळा आभाळाकडे. टाळ्या ऐकू आल्या की समजायचं, लागलं एकदाचं. की लगेच जेवणाच्या बाजूला पळायचं.

त्यांच्या थोरल्या मुलीला हे कायम खुपायचं. आत्याच्या लग्नाचा अख्खा अल्बम तिनं पालथा घातला होता. सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि बाबा कुठेच नाहीत! एका फोटोत कापडाखालून दोन चपला दिसतात, तेवढेच बाबा. आई तर म्हणायची, "आमच्या लग्नातसुद्धा मला बसवून दोरी आवळायला गेले होते हे. मी एकटीच नवरी, आणि बाजूला रिकामी खुर्ची."

थोरलीचं ठरलं ते चष्म्याच्या दुकानातल्या मुलाशी. ठरल्या ठरल्या तंबूवाले खडूनं फरशीवर नकाशा काढायला बसले.

"मोठं मैदान घ्यायचं. तीन कमानी. मधला तंबू असा उंच, की लांबून येणाऱ्याची मान दुखली पाहिजे."

"बाबा, मला परसात करायचंय लग्न," थोरली म्हणाली.

"परसात? परसात माझे बांबू आहेत."

"मग बांबू हलवा. घरची आणि जवळची माणसं, बास."

"अगं, लोक तोंडात शेण घालतील! तंबूवाल्याच्या पोरीला तंबू नाही?"

थोरलीचं डोकं आधीच तापट. "नकोच मला तुमचा तंबू!" ती बोलून गेली.

तंबूवाल्यांनी खडू खिशात टाकला. ओल्या फडक्यानं फरशी पुसली आणि उठले.

धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. ती बहिणीच्या अंगावरच आली. "काय गं तोंड तुझं! सरळ सांग ना त्यांना, तुम्ही पुढे बसायला हवेत म्हणून."

"सांगितलं तर 'बसतो की बाळा' म्हणतील. आणि त्या दिवशी शोधत बस कापडामागे. मला ते समोर हवेत. कापडच नसलं तर जातील कुठे?"

तंबूवाल्यांनी सगळे बांबू हलवले. परस रिकामं झाल्यावर कळलं की ते केवढंसं आहे. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला कपडे वाळत घालायची दोरी, कडेला आईचा टोमॅटोचा वाफा. पण भिंतीवर सकाळचं ऊन असं पडायचं, की टाकीसुद्धा देखणी दिसायची. कुणी कुठेही बसलं तरी दुसऱ्याचा चेहरा दिसणार. थोरलीला हेच हवं होतं.

लग्नाच्या सकाळी ती मागच्या दारात आली आणि जागीच थांबली. परसात कापड लागलं होतं. वर छत, आणि खुर्च्यांच्या मागे, वाफ्याच्या बाजूनं, जवळजवळ जमिनीपर्यंत पडदा.

"ऊन लागेल माणसांना," तंबूवाले तिच्याकडे न बघता म्हणाले.

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. पण कापड तिनं ओळखलं. ठेवणीतलं पांढरं, कधीच भाड्यानं न दिलेलं. त्याला इस्त्री केलेली होती. एवढ्या मोठ्या कापडाला! तिनं राग गिळला.

माणसं आली. खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसली. विहीणबाईंनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरली. नोंदणी कचेरीतल्या बाई चष्मा पुसत उभ्या राहिल्या. नवरदेवानं सवयीनं त्यांच्या चष्म्याची वाकलेली काडी सरळ करून दिली, तशी सगळी हसली. आईच्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी.

थोरलीनं पडद्याखाली बघितलं. दोन चपला.

"एक मिनिट हं," असं म्हणून ती तरातरा गेली आणि तिनं पडदा उचलला. बाबा खांबाला मिठी मारून उभे होते. चपला वाफ्याच्या कडेला काढलेल्या, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"बाबा! हे काय?"

"हळू बोल. खांब सुटतोय. सोडला तर सगळं डोक्यावर येईल तुमच्या."

"पाणी घातलेल्या वाफ्यात खांब रोवला? तुम्ही?"

"पाणी तुझ्या आईनं नंतर घातलं, टोमॅटो टवटवीत दिसावेत म्हणून. पण भुसभुशीत माती मला दिसत होती की. खांब वाफ्याबाहेर होता तर तुझ्या आईची खुर्ची टाकीआड जात होती, तू दिसली नसतीस तिला. म्हणून आत सरकवला. डोकं ठिकाणावर नव्हतं बघ." त्यांनी खांबावरचा हात घट्ट केला. "तू जा, लग्न लावून घे. मला इथून ऐकू येतं सगळं."

थोरली उसळली. "ऐकायला नाही बोलावलं तुम्हाला! बघायला बोलावलंय. म्हणून तर परसात केलं. मैदानावर मला सापडला असतात का तुम्ही?"

तंबूवाल्यांनी खांबामागून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे... तंबूची लाज नव्हती?"

"लाज कसली, बाबा? वैर होतं. कायम तोच तुम्हाला घेऊन जायचा."

तिनं नाक पुसलं आणि पडद्याची टोकं खसकन सोडवली. पडदा वाफ्यात पडला. सगळी माणसं आ वासून बघायला लागली.

"सगळ्यांनी खुर्च्या फिरवा!" ती ओरडली. "लग्न इकडे आहे!"

हजार माणसं असती तर तास गेला असता. इथे नुसती खडखड झाली, कुणाचा तरी पाय चेंगरला, आणि लग्न वळलं.

"अहो, मी पहिल्या रांगेत होते, ती शेवटी गेले!" विहीणबाई म्हणाल्या.

"उशिरा आलेल्यांची चांदी झाली," आत्या पुढे सरकत म्हणाली.

आई आपली खुर्ची उचलून थेट वाफ्यापाशी आली. नवरदेव नव्या बुटांसकट चिखलात उतरला. नोंदणीवाल्या बाई कडेलाच थांबल्या. "इथूनच विचारते हं मी."

लग्न तंबूवाल्यांपासून हातभर अंतरावर लागलं. अंगठी घालताना जावयानं आधी चुकीचं बोट धरलं, हे त्यांना दिसलं. लेकीनं खालचा ओठ दातात धरला होता. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची, तस्साच. तिनं "हो" म्हटलं ते बाईंकडे बघून नाही, बाबांकडे बघून.

टाळ्या झाल्या. तंबूवाल्यांचा एक पाय सवयीनं वळला, मग थांबला.

"आता मी काय करायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"टाळ्या वाजवायच्या, बाबा."

"हात कुठे मोकळा आहे?"

"द्या इकडे," म्हणत जावयानं खांब धरला.

"असा नाही. खाली धर. गुडघा लाव. हां." तंबूवाल्यांनी खांब हलवून बघितला, वर छताकडे बघितलं, आणि मग सोडला. दोन्ही हात सदऱ्याला पुसले.

तोवर सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या. ते एकटेच वाजवत राहिले.