तुळईखालचा हात

"मास्तर, माझा नाथाजी ह्येच्यावरच शिकला न्हवं?"

आप्पासोंनी विचारलं आणि चांदसाहेबांच्या हातातलं फडकं थांबलं. ते मास्तर नव्हते. कृष्णाकाठ तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत वजनं मांडणारे, पुसणारे शिपाई. पण टेबलावरची ती लोखंडी तुळई चौदा वर्षांत त्यांच्याइतकी कुणी हाताळली नव्हती. मधोमध तोडून बिजागरीनं सांधलेली, वर ताणकाटा. वजन टांगलं की सांध्यात वाकायची. पेच पिळून सरळ केली की ओझं तिला किती वाकवू बघतंय ते काटा सांगायचा.

"ह्येच्यावरच."

गेल्या उन्हाळ्यात उंब्रजजवळच्या ओढ्यावरच्या मोरीचा स्लॅब खाली आला. स्लॅब ओतल्यावर चारच दिवसांत टेकू काढायला सांगणारा नवखा ओव्हरसियर खालीच उभा होता, जागीच गेला. तो नाथाजी. तेव्हापासून वजनावर वजन वाजलं, की कधी न पाहिलेली ती मोरी चांदसाहेबांच्या डोळ्यांपुढं येई.

"हात चांगला हुता का त्येचा?"

व्हय म्हणायला काय जात होतं? म्हातारा कडेगावहून तेवढंच ऐकायला आला होता.

"आप्पासो, त्यानं हात लावलाच न्हाई. पोरं आकडे मागायची, मी चिठ्ठीवर लिवून द्यायचो. वर्षानुवर्षं त्येच आकडे. त्यालाबी मीच दिलं."

चांदसाहेब शिवीची वाट बघत राहिले. आप्पासोंनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मग मला दावा."

"तुमास्नी?"

"का? गाडीचा आस कवा मोडतोय ते कळतंय मला. ह्ये का कळंना?"

चांदसाहेबांनी वजन त्यांच्या हातात दिलं. तुळई वाकली.

"आता पेच पिळा. बेतानं. सरळ झाल्याबिगार काटा वाचायचा न्हाई. घाई न्हाई."

हे शब्द कुणाला सांगायचे राहिले होते, ते दोघांनाही ठाऊक होतं.

एक डोळा मिटून, पेरणीची ओळ बघावी तशी आप्पासोंनी तुळई बघितली. "साडेतीन."

"लिवा."

दुसरं वजन टांगताना त्यांचा डावा तळवा आपसूक तुळईखाली गेला. तिथं धरायची गरज नव्हती. बिजागरी पक्की होती. चांदसाहेबांनी तो तसाच राहू दिला.

तासाची घंटा झाली. दारात वह्या घेऊन पोरं जमली.

"चाचा, आकडे तेवढं..."

"थांबा रं. ह्यांचं चाललंय अजून."

आप्पासो पेच पिळत होते. तळवा तसाच खाली होता.