मॅडमना पाठवा

दिंडोरीच्या वायनरीतून अश्विनचा फोन आला, तेव्हा दिनेशनेच उचलला.

"जुना लाकडी टीव्ही घेतलाय, पाहुण्यांच्या हॉलसाठी. मागून चरचर आवाज येतो, निळ्या ठिणग्या उडतात. मनीषा मॅडमना पाठवता का?"

दुरुस्तीचं दुकान दिनेशचं. मनीषाला, स्वतःच्या बायकोला, हातात सोल्डरगन धरायला त्यानेच शिकवलं होतं. पण अश्विनचा जुना रेडिओ तिने वाजता केला आणि तेव्हापासून जो तो तिलाच विचारू लागला.

"तिला ताप आहे. मी येतो," दिनेश म्हणाला. मनीषा तेव्हा बँकेत गेली होती, ठणठणीत.

वायनरीत पोचून त्याने टीव्ही मागून उघडला. पिक्चर ट्यूबला जिथे हजारो व्होल्टची वायर बसते, तिथली रबरी टोपी तडकली होती. टीव्ही बंद असला तरी ट्यूबमध्ये करंट साठून राहतो. दिनेशने स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक अर्थला जोडलं आणि पातं टोपीखाली सरकवलं. टप्पकन आवाज झाला. मग त्याने जुनी टोपी काढून नवी बसवली. टीव्ही लावला, पडद्यावर मुंग्या आल्या.

"वा! मॅडमना दाखवू," म्हणत अश्विनने व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. "मॅडम, ताप कसा आहे?"

मनीषाची नजर अश्विनच्या मागे उभ्या दिनेशवर गेली.

"उतरला," ती म्हणाली. अश्विनने फोन नव्या टोपीजवळ नेला, तसा तिने कान दिला. "अहो, बारीक चरचर येतेय अजून. टोपीखालची काच पुसली का?"

नव्हती पुसली. लवकर दाखवून मोकळं व्हायची घाई झाली होती. त्याने टीव्ही बंद केला, पुन्हा करंट उतरवला, टोपी काढली आणि स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली. बोळा काळाकुट्ट झाला. टोपी परत बसवून टीव्ही लावला, तर चरचर थांबलेली.

"मॅडमनी फोनवर पकडलं, बघा!" अश्विन खुशीत म्हणाला.

परतताना दिनेश गाडी नुसती हाणत होता. काम आपण केलं, हात आपले काळे झाले, आणि नाव तिचं.

दुकानात मनीषा मिक्सर उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या नावावर परत खोटं बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"एवढं काय झालं होतं?"

"सगळे तुलाच विचारतात. मला नाही बघवत ते."

मनीषाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "शिकवलं कुणी मला? आता येतं तेही विसरू का?"

तेवढ्यात काउंटरवर एक म्हातारी पंखा घेऊन आली. "ताई आहेत का?"

दिनेशच्या मनात पुन्हा कळ उठली. तरी त्याने पंखा तिच्या हातातून घेतला आणि मनीषापुढे नेऊन ठेवला.