शंभराचं घर

फाशावर एक. लाकडी फासा, पोरांच्या बोटांना लागू नये म्हणून कडा साईनाथनेच पॉलिशपेपरने घासलेल्या — आणि आता तो एकुलता ठिपका वर तोंड करून त्याच्याकडे बघत होता. एकच घर राहिलं. वाडीच्या शाळेतली छाया नव्व्याण्णवावर उभी. एक पाऊल, की शंभर, की टाळ्या, की शिक्षण खात्याच्या साहेबांची मान हलणार, आणि ती हलली की तालुक्यातल्या शाळाशाळांत ही एक ते शंभर आकड्यांची रेक्झिनची सतरंजी पसरणार... पोरांनीच सोंगट्या व्हायचं, फासा टाकायचा, मोजत चालायचं. यासाठी त्याने मुरबाडच्या कंपनीतली नोकरी सोडली. छापून आलेल्या सतरंज्या धसईला घराच्या माळ्यावर गुंडाळून पडल्यात, आणि भूमिका — त्याची बायको — हल्ली माळ्याकडे बघतच नाही.

छाया हलेना.

"चल गो," तो हसून म्हणाला. म्हणजे दात दाखवून.

"तिथं वाघ हाय."

होता. शंभराच्या घरात छापलेला, पिवळाधमक, ऐटीत बसलेला. पोरांना वाघ आवडतो, असं छापणारा म्हणाला होता, आणि —

"त्याच्यावर पाय नाय द्यायचा," छायाने हळूच सांगितलं, लहान पोराला समजावावं तसं.

साहेब खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "काय साईनाथराव, रेक्झिनच्या वाघानं पोरगी अडवली? दाखवा की तिला, त्याच्यावर उभे राहून."

सकाळी येताना वाडीच्या वेशीवरचा वाघदेव लागला होता. शेंदूर ताजा. साईनाथचा हात गाडीच्या हँडलवरून आपोआप छातीकडे गेला होता — वाघदेवाच्या सणाला, वाघबारशीला, आईच्या मागे नारळ घेऊन जाणारा तोच हात. देवाच्या चौथऱ्याला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. मग चित्र निवडताना हा हात कुठे होता? मी कुठे होतो?

त्याने चपला काढल्या. सतरंजी मळू नये म्हणून, बाकी काही नाही. खेळाचा नियमच तो, त्यानेच केलेला. छायाच्या शेजारी उभा राहिला. ती बाजूला सरकली नाही, वर बघत राहिली. डोळ्यांत भीती होती, पण स्वतःसाठी नव्हे. त्याने पाय उचलला. पुढे, आता खाली — रंग आहे, रेक्झिन आहे, मीच तर — साहेब बघताहेत, ही बघते आहे, तो वाघ बघतोय की नाही ते... कंपनीचं गेट, माळा, भूमिका, सगळं त्या एका पायात येऊन जड झालं, आणि अजून न टेकलेल्या तळव्याला खालून जिवंत अंगाची ऊब लागायला लागली.