नक्षीखालचे एक सेंटिमीटर

मित्रांनो, त्या वर्षी पंच अमंतायच्या लांब पिशवीत सात वस्तू होत्या. नाणेफेकीचे एक नाणे. दोन घड्याळे, कारण एका घड्याळावर त्याचा विश्वास नव्हता. पेन्सिलींची डबी. उन्हाची टोपी. गुण लिहायची वही. आणि सातवी मी. मोजपट्टी नव्हती. मी असताना तिची गरज काय, असे त्याला वाटे. मलाही तसेच वाटे.

मी एक जुनी लाकडी मापकाठी आहे. टेनिसच्या नेटची मध्यावरची उंची ९१.४ सेंटिमीटर असावी लागते. सामन्यापूर्वी अमंताय मला नेटच्या मध्याला चिकटवून उभी करतो. नेटची पांढरी कड माझ्या माथ्याशी जुळली की मगच खेळ सुरू होतो. त्या एका वर्षात आम्ही सहा देश फिरलो, चौदा स्पर्धा केल्या आणि दोनशे अठरा सामने पाहिले. म्हणजे दोनशे अठरा वेळा माझ्या शब्दावर खेळ सुरू झाला.

माझा जन्म शिमकेंतचा. अमंतायचे वडील बेयसेन शाळेत सुतारकाम शिकवायचे. मुलगा पंच झाला तेव्हा त्यांनी अंगणातल्या वठलेल्या जर्दाळूचे लाकूड काढले आणि मला घडवले. कापण्याआधी स्टीलच्या पट्टीने सात वेळा मोजले. मुलांना ते हेच शिकवत: सात वेळा मोज, एकदा काप. मग माझ्या तळापासून बरोबर एक सेंटिमीटर वर त्यांनी मेंढ्याच्या शिंगांची बारीक नक्षी कोरली.

"कोके, तळाला लोखंडी टोपी बसवा ना," अमंताय वडिलांना म्हणाला होता. "झिजायची नाही."

"लोखंड कोर्टाला ओरखडे काढतं," बेयसेन म्हणाले. "लाकूड कसं, जमिनीला विचारून उभं राहतं."

मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. इलाज नाही. नेट ही वस्तूच लबाड असते. सकाळी ताठ दिसते, दुपारी ऊन लागले की पोट सोडते. दव पडले की जड होते. मधला पट्टा एका बोटाने ओढला तरी दोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि कोर्टावर बोटे पुष्कळ असतात. पट्ट्याजवळ उगाच वाकून बुटाची नाडी बांधणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. म्हणून मी कोणाचे ऐकत नाही. अमंतायही ऐकत नाही. आमचे जमायचे ते याचमुळे.

जानेवारीत आस्तानाच्या बंदिस्त कोर्टांवर सगळे सुरळीत होते. फेब्रुवारीत आम्ही तुर्कस्तानात अंतालियाला गेलो. तिथे कोर्टाची स्वतःची काठी होती. अमंतायने ती माझ्या शेजारी उभी केली. ती माझ्यापेक्षा उंच निघाली.

"तुमची काठी लांब आहे," तो कोर्टाची देखभाल करणाऱ्या माणसाला म्हणाला.

"पंचसाहेब, ती गेल्याच महिन्यात आलीय."

"म्हणून तर. नव्या वस्तू कोण तपासून घेतं?"

त्याने नेट माझ्या मापाने लावायला सांगितले. तो माणूस मिशीत काहीतरी पुटपुटला. मला तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता.

तिथेच आम्हाला आयझिरेक पहिल्यांदा भेटली. बिश्केकची एकोणीस वर्षांची खेळाडू. रॅकेटच्या तारा स्वतःच बसवायची आणि दोन सामन्यांच्या मध्ये कापडी पिशवीतून कुरुत, म्हणजे खारट दह्याच्या सुक्या गोळ्या, काढून चघळायची. तिचा मामा तेमिर तिचा प्रशिक्षक होता. मामा बोलका, भाची अबोल. पुढे वर्षभर पाच गावांत ती आमच्या कोर्टावर आली, आणि दर वेळी आधी नेटकडे बघायची, मग माझ्याकडे. हिला काय कळले आहे, असा मला संशय यायचा.

मार्चमध्ये नौरिझचा सण आला आणि आम्ही घरी परतलो. नौरिझच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू धुऊनपुसून लख्ख करायची असते. जुन्या वर्षाची घाण नव्या वर्षात न्यायची नाही. बेयसेन मला अंगणातल्या बाकावर मांडीवर घेऊन बसले. वर्षभराची लाल माती माझ्या तळात मुरली होती. लाकडाच्या आडव्या कापात ती खोल जाते, पाण्याने निघत नाही. त्यांनी सँडपेपर घेतला आणि डाग जाईपर्यंत घासत राहिले. मग जवसाचे तेल चोळले.

"अकरावी नौरिझ हिची," ते अमंतायला म्हणाले. "बघ, कालच केल्यासारखी दिसते."

"तुम्ही माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त करता, कोके."

"ती उलट बोलत नाही ना."

दुधाच्या चहाचा वास येत होता. सँडपेपर या वर्षी नक्षीच्या अगदी जवळून फिरला, मला गुदगुल्या झाल्या. सुखाच्या वेळी संशय येत नाही, मित्रांनो. माझा दोष एवढाच.

एप्रिलमध्ये शिमकेंतची लाल मातीची कोर्टे उघडली. तिथली काठीही अमंतायने मोठी ठरवली आणि काढून टाकली. माळ्याने ती टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवली. जुलैत चीन, तिथली दमट हवा. ऑगस्टमध्ये बिश्केक. सप्टेंबरमध्ये ताश्कंद. तिथे फर्रूख नावाचा उझबेक पंच होता, अमंतायचा जुना दोस्त आणि तितकाच जुना स्पर्धक. वर्षअखेरीला दोघांपैकी एकालाच वरच्या दर्जाचा कांस्य बिल्ला मिळणार होता. त्या बिल्ल्यावर मोठ्या स्पर्धा मिळतात. फर्रूखकडे ॲल्युमिनियमची चकचकीत काठी होती. त्याने ती माझ्या शेजारी ठेवली आणि हसला.

"अमंताय, माणसं म्हातारपणी खचतात असं ऐकलं होतं. काठ्यापण खचतात का?"

"तुझीच ताणलीय कुणीतरी."

"ॲल्युमिनियम ताणतोस तू? जेवण चांगलं दिसतंय तुमच्याकडचं."

अमंताय हसला नाही. त्या दिवसापासून जेवताना तो पिशवी पायाशी ठेवू लागला. फर्रूख जवळ आला की मीही अंग चोरायची. दुसऱ्याच्या वाईटावर टपलेला माणूस, असे माझे ठाम मत झाले.

मग ऑक्टोबर. पुन्हा शिमकेंत, अंतिम सामना. एका बाजूला आयझिरेक, दुसऱ्या बाजूला गावचीच बालजान. आयझिरेकसाठी हा साधा चषक नव्हता. जिंकली असती तर तिचा क्रमांक इतका वर गेला असता की जानेवारीपासून मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश होता. हरली तर घरी जायचे, हे मामा-भाचीचे आधीच ठरले होते. बालजानचे फटके सपाट, नेटची कड चाटून जाणारे. तिसऱ्या सेटमध्ये, शेवटच्या गुणाला, तिचा चेंडू कडेवर आदळला, क्षणभर थबकला आणि आयझिरेकच्या बाजूला पडला.

लोक उभे राहिले. आयझिरेक तिथेच उभी राहून नेटकडे बघत होती.

तेमिर कोर्टावर आला. "नेट खाली आहे. मोजा."

अमंतायने मला उभी केली. माथा आणि कड तंतोतंत जुळले.

"तुमचीच काठी, तुमचंच नेट, तुमचंच गाव," तेमिर म्हणाला. "मोजायचं तरी कशाला मग, पंचसाहेब?"

"खेळता येईना, नेट वाकडं," प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

"सरळ असेल तर दुसऱ्या काठीनं मोजा ना."

दुसरी काठी टोमॅटोच्या वाफ्यात होती. सामना संपताच माळ्याने हिवाळ्यासाठी नेट उतरवायला घेतले, आणि कोणी अडवेपर्यंत पट्टा सुटलाही होता. आता साक्षीला उरले मी एकटी. तेमिरने लेखी तक्रार दिली. स्पर्धेच्या निरीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या सकाळी दहा वाजता काठी घेऊन या. निकाल तर बदलत नाही, पण काठी मोजली जाईल." मुद्दाम केले असे ठरले तर अमंतायची पंचगिरीच संपणार होती. बिल्ल्याचा प्रश्नच नव्हता.

घरी आल्यावर त्याने वही उघडली. मला कोणी कोणी हात लावला, त्याची यादी केली. अंतालियाचा मिशीवाला. चीनमधल्या विमानतळावरचा तपासनीस. फर्रूखच्या नावाखाली त्याने दोन रेघा ओढल्या.

"यानंच तासलीय," तो म्हणाला. "ताश्कंदमध्ये माझी पाठ वळली असताना."

बेयसेन चहा पीत होते. "माझं काम कोणी तासेल आणि मला कळणार नाही?" त्यांनी मला हातात घेतले. अंगठा तळावरून वर सरकवला. तो नक्षीला लगेच लागला. त्यांनी अंगठा परत तळाशी नेला आणि परत वर आणला. चहा तसाच राहिला.

"ही नक्षी मी कुठं कोरली होती?"

"तळापासून एक सेंटिमीटर. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

बेयसेनांनी मला मांडीवर आडवे ठेवले. मग म्हणाले, "यादीत माझं नाव लिही."

अमंतायला आधी कळलेच नाही. मग त्याची नजर फळीवरच्या सँडपेपरकडे गेली. त्याच क्षणी मलाही कळले: दर नौरिझला घासून घासून मीच तळाकडून आखूड झाले होते. अंतालियाची काठी, ताश्कंदची काठी, वाफ्यातली काठी, सगळ्या खऱ्या होत्या. वर्षभर मी जगाला संशयाने पाहिले आणि एकदाही खाली स्वतःच्या पायाकडे पाहिले नाही.

"लाकडाची चकती बसवतो," बेयसेन हळूच म्हणाले. "जर्दाळूचा तुकडा आहे अजून. वरून तेल लावलं की सांधा दिसायचा नाही. त्या बाई काय, मीसुद्धा ओळखणार नाही."

अमंतायने मला वडिलांच्या मांडीवरून उचलले.

"कोके," तो म्हणाला, "ती पोरगी वर्षभर माझ्या नेटवर खेळलीय. तिला खरं काय ते कळू दे."

"लोक म्हणतील, बापानं पोराचं नाव घालवलं."

"म्हणू देत. पण उद्या तुम्ही चला. माझ्या मोजण्यावर आता कोण विश्वास ठेवणार?"

"माझ्यावर ठेवतील?"

"तुम्ही सात वेळा मोजता."

अमंतायने वहीतले फर्रूखचे नाव खोडले. त्याच्या जागी दोन नावे लिहिली: वडिलांचे आणि स्वतःचे.

मित्रांनो, वस्तूंची निगा जरूर राखा. पुसा, तेल लावा, उन्हापावसात टाकू नका. पण जिच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे, ती वस्तूही वर्षातून एकदा तपासून घ्या. मी कधी कोणाला तसे करू दिले नाही, आणि कोणाला तसे सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कचेरीतल्या टेबलावर स्वच्छ कापड अंथरले होते. निरीक्षक बाई होत्या. तेमिर हाताची घडी घालून उभा होता. आयझिरेक दाराशी होती, प्रवासाची पिशवी खांद्याला लावून. बेयसेनांनी कोटाच्या आतून स्टीलची जुनी पट्टी काढली, तीच, जिने मोजून त्यांनी मला जन्म दिला होता. बाईंनी ती आपल्या पट्टीशी जुळवून पाहिली आणि मान हलवली. बेयसेनांनी चष्मा लावला, मला कापडावर आडवे ठेवले, तळ पट्टीच्या शून्याला टेकवला आणि आकडा मोठ्याने वाचला. मग मला उचलून पुन्हा ठेवले. असे सात वेळा केले. सातही वेळा आकडा एकच आला: नव्वद पूर्णांक सात दशांश सेंटिमीटर, म्हणजे सात मिलिमीटर कमी.