हप्त्याचा धवला

साखरपुड्याला चार दिवस उरले असताना जागृतीला कळलं, की आपलं शिक्षणाचं कर्ज फिटलंय.

सांगितलं होणाऱ्या नवऱ्यानं, मितेशनं. उरणहून फोनवर, बांगड्यांच्या मापाचं बोलता बोलता. "बरं झालं ना, तुझ्या बाबांनी लोन क्लिअर करून टाकलं. आमचे पप्पा एकदम खूश."

जागृती ऐरोलीच्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होती. नुकतंच चार दिवसांचं एक बाळ तपासून आली होती. कानाशी बारीक टिकटिक वाजली तसं बाळानं पापणी हलवली होती, आणि बाहेर बसलेल्या आईनं ते कळताच पदर तोंडाला लावला होता. हे असं रोज पाहायला मिळावं म्हणूनच जागृती कानांची विद्या शिकली होती. त्या विद्येचा हप्ता खात्यातून गेल्याचा मेसेजही आजच सकाळी आला होता.

"कोण म्हणालं फिटलं?"

"तुझे बाबाच. सुपारी फोडली तेव्हा. मी होतो तिथे."

"मितेश, ते फिटलेलं नाही. अजून सहा वर्षं आहेत."

पलीकडं कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा कर्कश हॉर्न वाजला आणि थांबला. मग मितेश हळूच म्हणाला, "मला काय नाय गं. पण पप्पांना आत्ताच नको सांगू. उगाच टेन्शन. नंतर सांगू निवांत."

"नंतर म्हणजे कधी? बारशाला?"

तो हसला. पण ते हसणं घशातच अडकल्यासारखं वाटलं. कान तपासणाऱ्या पोरीला एवढं कळतंच. तिनं ते मनात ठेवलं.

करंजाड्याच्या घरी ती पोचली तेव्हा तिचे वडील, शिवा, ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. शेतं गेली, मग पंचवीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला, मग गुडघा गेला. आता घर चालत होतं ते तळमजल्याच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर.

"बाबा, लोन फिटलं म्हणून सांगितलंत?"

शिवानं तेलाची वाटी बाजूला सारली. "फिटंल की. केतनला सांगितलंय मी. लगीन झालं का खालच्या दोन खोल्या इकून टाकायच्या. गिराईक तयार हाय."

केतन म्हणजे नाक्यावरचा, जागा विकून देणारा एजंट. जागृती ओट्याच्या पायरीवर बसली. "आणि तुम्ही आणि आई खाणार काय?"

"ते माजं मी बघीन. पोरी, आपल्यात लेकीच्या गळ्यात सोन्याचा डाग घालून पाठवतात, कर्ज घालून नाय. लोक काय बोलतील? बापानं पोरीला शिकवली आनि बिल सासऱ्याला धाडला?"

"सासऱ्याला कुठं? मला आलंय ते. मी भरतेय."

"लगीन झाल्यावं तुजा पगार तुजा राहील काय?"

"माझाच राहील. तेच तर सगळ्यांसमोर बोलायचंय."

"तू एक शबुद बोलनार नाय," शिवा म्हणाला. आणि मग, आपलाच आवाज चढल्याचं वाईट वाटून, "जा, चा घे."

सात लाखांचं कर्ज काढलं, तेव्हा शिवानं बेधडक सही केली होती. लेकीची पहिली सही, बापाची दुसरी. पण दर वर्षी फी वाढली, आणि पोरगी अभ्यासाला बसली तरी व्याज काही बसून राहिलं नाही. भरतीच्या पाण्यासारखं ते आवाज न करता वाढत गेलं. पदवी हाती आली तेव्हा सातचे नऊ झाले होते. त्या दिवसापासून शिवाला वाटायचं, की आपण लेकीला पंख दिले आणि पायात दगडही बांधला. जागृतीला तसं कधी वाटलं नाही. दगड असला तर असला, उडता येतंय ना?

दोन दिवसांनी ती शेवंताबाईकडं गेली. शेवंताबाई शिवाची थोरली बहीण आणि पंचक्रोशीतली धवलारीण. आगरी घरचं शुभकार्य धवलारणीच्या गाण्यावाचून उभं राहत नाही. हळद असो, साखरपुडा असो, तिनं दोन्हीकडचे धवले गायचे. मुलगी काय घेऊन येते, मुलगा काय घेऊन उभा आहे, ते चार लोकांच्या कानांवर घालायचं. आणि मांडवात जे गायलं गेलं ते पक्कं. त्यावर मागाहून कुणी तोंड उघडायचं नाही.

मधली दोन वर्षं शेवंताबाई गातच नव्हत्या. कान गेला तसा सूरही हरवला होता. भाचीनंच कान तपासले, मशीन बसवलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "आगं, कावला एवढा वरडतंय व्हय?" आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून रडली होती.

"आत्या, परवा माझ्या धवल्यात काय गाणार?"

"शिवा बोललाय. पोरीची इद्या गा, नोकरी गा, बस."

"माझं लोनपण गा."

शेवंताबाईंनी कानातलं मशीन चाचपलं. "ह्यो नीट चालतंय ना?"

"चालतंय. मीच बसवलंय."

"पन्नास वरसां गाते मी. डाग गायले, भांडी गायली, फ्रीज गायला, एकदा तर मोटरसायकल गायली. बँकेला कुठं बसवू?"

"हळदीच्या नंतर बसवा."

म्हातारी खळखळून हसली. मग हसू ओसरलं. "सोयरीक मोडली तं?"

"खोट्यावर जुळलेली मोडली तर मोडू दे आत्या. बाबांच्या खोल्या जायला नकोत."

शेवंताबाईंनी कानातल्या मशीनवर बोट ठेवलं. "ह्या कानांनी खोटं आयकलं तं त्यांचा काय उपेग," एवढंच म्हणाल्या.

साखरपुड्याला उरणची माणसं दोन गाड्या भरून आली. मितेशचे वडील गंगाराम, पांढराशुभ्र सदरा, बंदरातल्या मशिनींशेजारी आयुष्य काढल्यानं कानामागं हात धरून ऐकणारे. आई विमलबाई, डोळ्यांनी सगळं मोजणाऱ्या. पाट मांडले, साखरेचा पुडा ठेवला, आणि शेवंताबाईंनी पदर सावरून सूर लावला.

*माजे जागूनं सिकली इद्या कानांची गो,*
*हाक आयकते ती पिकल्या पानांची गो.*

बायका कौतुकानं मान डोलवू लागल्या. शिवाच्या छातीत हवा भरली.

*सासरी येताना काय काय आनते गो,*
*हिरवा चुडा आनते, हलद आनते गो,*
*बँकेचा हप्ता आनते सा वरसांचा गो,*
*सोताच्या घामानं फेडील, शबुद तिचा गो.*

मान डोलवणाऱ्या बायका तशाच थांबल्या. गंगारामनं कानामागचा हात खाली घेतला. त्याला पुरेसं ऐकू आलं होतं.

"शिवाशेठ, फिटला बोललेलात."

शिवानं मान खाली घातली. त्याच्या पांढऱ्या केसांतला भांग जागृतीला पहिल्यांदाच एवढा रुंद दिसला. ती पाटावरून उठली.

"काका, बाबांचा राग करू नका. माझ्या डोक्यावर काही राहू नये म्हणून ते भाड्याच्या खोल्या विकायला निघाले होते. पण शिकले मी, सही माझी पहिली आहे. हप्ता माझ्या पगारातून जाणार, लग्नाआधीपण आणि नंतरपण. चालत असेल तर पुडा द्या. नसेल तर जेवून जा, वडे चांगले झालेत. माझा राग नाही."

कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

शेवंताबाई मात्र थांबल्या नव्हत्या. धवला अर्धा सोडायचा नसतो. त्या नवऱ्याच्या पाटाकडं वळल्या. "आता नवऱ्याकडचं सांगा. काय गाऊ?"

गंगारामनं विमलबाईंकडं पाहिलं. विमलबाईंनी साखरेच्या पुड्याकडं पाहिलं. ठरलेलं होतं ते सांगायचं: पक्कं घर, कायम नोकरी, एकुलता मुलगा. पण आत्ताच एक पोर उभी राहून खरं बोलून गेली होती.

"माझंपण लोन आहे," मितेश म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "लॉजिस्टिक्सचा कोर्स केला ना, पुण्याला. पाच वर्षं राहिलीत अजून."

"मित्या!" गंगाराम ओरडला.

"मित्या काय?" विमलबाई नवऱ्यावर उखडल्या. "मी तवाच बोललेली, सांगून टाका. तुमीच बोललात, पोरीवाले नाय बोलतील."

एका बापानं दुसऱ्याला फसवलं म्हणावं, तर दुसऱ्यानंही तेच केलेलं. आणि दोघांनाही एकच भीती.

जागृतीला जिन्यातलं ते अडकलेलं हसणं आठवलं. ती मितेशकडं वळली. राग आलाच होता, तो तिनं लपवला नाही. "तू कधी सांगणार होतास?"

मितेशनं तिच्या नजरेला नजर दिली. "बारशाला," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलंच. पुन्हा असं काही लपवलंस तर मी बारशाची वाट बघणार नाही." ती पुन्हा पाटावर बसली. "आपापला हप्ता आपण भरायचा. कुणाच्या बापानं काही विकायचं नाही. बोल."

"बोललो."

"आत्या, गा."

*तिचा एक हप्ता गो, त्याचा एक हप्ता गो,*
*दोघांची दोन वल्ही, नाव लागंल काठा गो.*

विमलबाईंनी पुढं होऊन साखरेचा पुडा जागृतीच्या ओटीत घातला. घालता घालता कानाशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांचे कान बघशील काय गो? घरात टीव्ही फाटेस्तोवर लावतात."

"रविवारी घेऊन या आई. पण मशीनचे पैसे काकांनाच भरू देत."

गंगारामला हे ऐकू आलं नाही. बायका का हसल्या ते त्याला कळेना, म्हणून तोही हसला.

वडे तळणीतून निघत होते. शिवा ओट्यावर गेला, फोन कानाला लावला. लेकीला तो पाठमोरा दिसत होता. दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन, बऱ्याच दिवसांनी ताठ उभा.

"केतन, ते गिराईक परत धाड," तो म्हणाला. "खोल्या हायत तशाच ठेवायच्यात."