तोंड दिसलं पाहिजे

टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात नागपूरच्या प्रतापनगरातला सर्वांत शहाणा माणूस कोण, असं कुणालाही विचारलं असतं तरी एकच नाव आलं असतं. शरच्चंद्र. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांचं नाव पूर्ण उच्चारायलाच एक अख्खा श्वास लागतो, म्हणून कॉलनीने त्यांचं शरदभाऊ करून टाकलं होतं. एप्रिलपासून ते फाटकाबाहेर पडले नव्हते. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी उठता बसता त्यांचं उदाहरण द्यायचे. ज्यांचे पाय घरात ठरत नाहीत त्यांनी शरदभाऊंकडे बघावं, साठी ओलांडलेला माणूस कसा संयमाने बसला आहे. शरच्चंद्र त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचे आणि विषय संपवायचे.

खरी गोष्ट अशी होती की कोरोनाची भीती त्यांना चारचौघांइतकीच होती. त्यांना धास्ती होती ती मास्कची.

एप्रिलात ते एकदा दूध आणायला गेले होते. चारुलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, रामदासपेठेतल्या औषधांच्या दुकानातून चांगल्यातला, नाकावर पट्टी असलेला घट्ट मास्क मागवला होता. तो कानांना अडकवून शरच्चंद्र चुन्याने आखलेल्या गोलात शिस्तीत उभे राहिले. आधी चष्म्यावर वाफ धरली. मग आपलाच श्वास गरम होऊन परत येतोय असं वाटलं, मग तो येतच नाहीये असं वाटलं. छातीत धडधड सुरू झाली, तळहातांना घाम फुटला, आणि आपण आता मरतो, तेही दुधाच्या रांगेत, याची त्यांना पक्की खात्री झाली. त्यांनी मास्क ओरबाडून काढला आणि फुटपाथवर बसून तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागले. त्या दिवसांत भररस्त्यात असं करणारा माणूस लोकांना कसा दिसला असेल ते सांगायला नको. रांग क्षणात मोडली. कुणी लांबूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लागलं. मागच्या गल्लीतल्या कामिनीबाई, शरदभाऊ लवकर घरी जा, असं सांगत सांगत स्वतःच घरी निघून गेल्या. शरच्चंद्र उठले, गल्लीबोळांतून तोंड लपवत परतले आणि दूध संपलं होतं असं सांगून मोकळे झाले.

त्यानंतर त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून ते मास्क चढवायचे आणि मन दुसरीकडे लागावं म्हणून सतराचा पाढा म्हणायचे. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत गाडी नीट जायची. पुढे श्वास अडायचा, पाढा अडायचा, आणि मास्क बादलीत पडायचा. आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाला सतरा सक येऊ नये, याची त्यांना मनस्वी लाज वाटे. बायकोला सांगावं असं कैकदा मनात आलं. पण सगळी कॉलनी ज्याला संयमाचा पुतळा समजते त्याने, मला फडक्याची भीती वाटते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

हे असंच चाललं असतं, पण मध्ये नूपुरचं लग्न आलं.

नूपुर ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न ठरलं होतं मौद्याच्या अश्विनशी. मुलगा तिथल्या वीज केंद्रात इंजिनिअर, वडील देवराव निवृत्त मास्तर, आई मीराबाई, धाकटी बहीण माया. घर बौद्ध. नूपुरने ही गोष्ट सांगितली तेव्हा शरच्चंद्र आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते, हे खरं आहे. मग एका रविवारी ते मौद्याला गेले, कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही यावरून देवरावांशी तावातावाने भांडले, मीराबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं, आणि परत येताना म्हणाले की मुलगा चांगला आहे आणि बापही अभ्यासू आहे. त्या दिवसापासून त्यांच्या मनात काही उरलं नव्हतं. शहराच्या जुन्या महाल भागात राहणारे त्यांचे थोरले भाऊ नानाजी यांच्या मनात मात्र पुष्कळ उरलं होतं, आणि ते दर फोनवर थोडं थोडं बाहेर पडायचं.

टाळेबंदीत हॉल गेला, जेवणावळ गेली. लग्नाची नोटीस तेवढी आधीच दिलेली होती आणि तिची मुदत जूनमध्ये संपत होती. म्हणून सदर भागातल्या विवाह नोंदणी कार्यालयात मोजक्या माणसांत सह्या करायच्या ठरल्या. साक्षीदार म्हणून देवराव, चारुलताबाई आणि शरच्चंद्र. आत जायचं तर तोंडावर मास्क पाहिजेच, आणि आत किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. हे ऐकल्यापासून शरच्चंद्रांचा पाढा सतरा चोकच्या पुढेही जाईना. दोन दिवस राहिले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की आपलं वय बघता आपण येणार नाही, व्हिडिओवर बघू.

चारुलताबाई चिडून स्वयंपाकघरात निघून गेल्या. नूपुर मात्र आदल्या संध्याकाळी गच्चीवर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही काहून येत नाही?"

"सांगितलं ना. बाहेर काय चालू आहे ते बघून राहिली ना तू."

"आई तुमच्याच वयाची आहे. ती येऊन राहिली." ती आणखी एक पाऊल पुढे आली. "तेव्हा तुम्ही आठवडाभर बोलले नव्हते. मला वाटलं होतं ते संपलं."

शरच्चंद्रांना ती कशाबद्दल बोलतेय हेच धड कळलं नाही. त्यांच्या डोक्यात मास्क होता, तिच्या डोक्यात काय होतं कुणास ठाऊक. ते काहीतरी पुटपुटले. नूपुर, ठीक आहे, एवढंच म्हणून खाली गेली, आणि बापाच्या जागी सही करायला तिने मयुरा नावाच्या मैत्रिणीला सांगून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी ती मयुराच्या गाडीवर पुढे गेली. निघताना पाया पडली, पण वर पाहिलं नाही. ती वळणाआड जाते न जाते तोच नानाजींचा फोन आला. स्वर फारच प्रेमळ होता.

"चारुने सांगितलं, तू जाऊन नाही राहिला म्हणून. बरं केलं गा शरद. भांडण नाही, तंटा नाही, कोरोनाचं नाव सांगून बाजूला झाला. त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं वाचलं. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

शरच्चंद्रांनी फोन ठेवला आणि तसेच उभे राहिले. आठवडाभर बोलले नव्हते म्हणजे काय, हे त्यांना आत्ता कळलं. पोरीला वाटत होतं की बापाला अजून जात आडवी येतेय. आणि तिला तसं वाटू नये तर काय वाटावं? आपण एका फडक्याला भ्यालो आणि त्या भीतीला नानाजींनी आपल्या पंक्तीत पाट मांडून बसवलं. त्यांची कानशिलं तापली. स्वतःचा इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता.

आत येऊन त्यांनी सांगितलं, मी येतोय, रिक्षा नको, स्कूटर काढतो. चारुलताबाईंनी, काय झालं, असं विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कोणता प्रश्न कधी विचारू नये हे त्यांना चांगलं कळत होतं. शरच्चंद्रांनी मास्क हातात घेतला. सदरला पोचल्यावर गेटपाशी घालू, मेलो तर तिथे मरू, पण पोरीच्या दारात मरू, असा त्यांनी हिशेब केला आणि मास्क शर्टाच्या खिशात टाकला.

मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, म्हणजे नवतपा, सरला होता, पण ऊन ऐकायला तयार नव्हतं. बाहेर पडताना चारुलताबाईंनी दर उन्हाळ्याच्या सवयीने कपाटातला पांढरा दुपट्टा त्यांच्या हातात दिला आणि लू लागू नये म्हणून पँटच्या खिशात एक कांदा कोंबला. शरच्चंद्रांनीही दर उन्हाळ्याच्या सवयीने दुपट्टा कपाळावरून घेतला, कान झाकले, नाकातोंडावरून दुहेरी फिरवला, मागे गाठ मारली, आणि चारुलताबाई मागे बसल्यावर किक मारली.

रस्ताभर त्यांच्या मनात एकच, गेटवर काय होणार. सिग्नलला थांबले तेव्हा आजूबाजूला गाड्यांवर नखशिखांत स्कार्फ गुंडाळलेल्या बायका आणि दुपट्टे बांधलेले बाप्ये उभे होते. नागपूरचा उन्हाळा नेहमी दिसतो तसाच दिसत होता. शरच्चंद्रांचं तिकडे लक्षही गेलं नाही. ते सतराचा पाढा म्हणत होते.

गेटवर कपाळाला लावायचं बंदुकीसारखं यंत्र घेऊन एक पोरगेला शिपाई उभा होता. शरच्चंद्रांनी खिशातून मास्क काढला. छातीत ओळखीची धडधड सुरू झाली.

"थांब बाबू जरा," ते म्हणाले. "मास्क घालतो."

शिपायाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, तोंड तं बांधूनच आहे ना तुमचं. अजून काय बांधता? चला, लाईन लागून राहिली मागे."

शरच्चंद्रांनी गालाला हात लावला. खरंच की. प्रतापनगर ते सदर, भर उन्हात, नाकातोंडावर दोन पदर घेऊन ते आले होते आणि मेले नव्हते. चष्म्यावर वाफसुद्धा नव्हती. आणि आजच कशाला? कॉलेजात होते तेव्हापासून दर एप्रिल, मे, जून ते हेच करत आले होते. ऑफिसला असेच गेले, नूपुरला शाळेतून असंच आणलं. टाळेबंदीत बाहेर पडणंच बंद झालं, दुपट्टा कपाटात राहिला, आणि कानांना अडकवायची ती वस्तू आली तिलाच ते जगातलं एकमेव तोंड झाकणं समजून बसले. एवढा मोठा माणूस, एवढा मोठा गाढवपणा. त्यांना दुपट्ट्याच्या आत हसू फुटलं.

आतल्या बोळात गर्दी होती, आणि मध्येच एकदा श्वास चुकलाच. त्यांनी मागे हात नेऊन गाठ चाचपली. गाठ आपल्या हातची आहे, पाहिजे तेव्हा सोडता येते, असं स्वतःला सांगितलं. नुसत्या तेवढ्यावर धडधड उतरली. सतरा सक एकशे दोन आपोआप आलं, आणि पाढा सतरा दाहेपर्यंत जाऊन संपला.

नूपुर बाकावर अश्विनशेजारी बसली होती. तिने मान वर केली आणि तो दुपट्टा ओळखला. शाळेच्या फाटकाशी तिने तो वर्षानुवर्षं पाहिला होता. ती उठून उभी राहिली, पण जवळ आली नाही. देवराव आणि मीराबाईही उभे राहिले. ही मंडळीसुद्धा आपल्याबद्दल तेच समजून बसली आहेत हे शरच्चंद्रांना दिसलं. आता लाज धरून उपयोग नव्हता.

"नूपुर, कोरोना नाही अन् तू समजून राहिली तेबी नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मले मास्कची भीती वाटते. घातला की जीव गुदमरते. दुधाच्या रांगेत लोकांनी मले पेशंट समजून पळ काढला होता. तुले सांगायची लाज वाटली, बस."

मग नूपुरचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय हे मास्कमुळे कळेना, आणि खरं म्हणजे ती दोन्ही करत होती.

"अवं पोरी, रडून काहून राहिली?" मीराबाई म्हणाल्या. "बाप आला ना तुझा."

"इवाईबुवा," देवराव आपल्या व्याह्यांना म्हणाले, "मले वाटलं कालव्याच्या पाण्याचा राग अजून गेला नाही तुमचा."

तो गेलेला नाहीच, असं शरच्चंद्रांनी त्यांना सांगितलं. मयुरा आनंदाने बाजूला झाली आणि साक्षीदाराच्या जागी बापाची सही झाली, अक्षर अगदी पाटबंधारे खात्याला शोभेल असं.

बाहेर आवारातल्या कडुलिंबाखाली मायाने सगळ्यांचा एक फोटो काढला. सहा मास्क आणि मध्ये एक दुपट्टा. नूपुरने तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर नानाजींचं आलं. तिने वाचलं आणि फोन वडिलांसमोर धरला.

नानाजींनी लिहिलं होतं, गेलाच शेवटी. पण तोंड दुपट्ट्यात आहे ते बरं झालं, कुणी विचारलं तर ओळखू येणार नाही.

शरच्चंद्रांनी दोनदा वाचलं. मग फोन परत दिला, मागे हात नेला आणि गाठ सोडली.

"माया, अजून एक फोटो काढ वं," ते म्हणाले. "सगळे जरा लांब लांब उभे राहा. अन् माझं तोंड दिसलं पाहिजे."

ते मध्येच, पण अश्विन आणि नूपुरपासून चांगले चार हात अंतरावर उभे राहिले. घामाने केस चप्प बसलेले, गालावर दुपट्ट्याची घडी उमटलेली, खिशात कांद्याचा फुगवटा, आणि तोंडभर हसू. त्या फोटोत दुसऱ्या कुणाचंच तोंड दिसत नाही, एकट्या बापाचं दिसतं. तो त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला आणि खाली लिहिलं, मधला माणूस मुलीचा बाप आहे, नाव शरच्चंद्र, कुणीही विचारलं तर सांगावं. मग स्वतःच्या हाताने ग्रुपवर पाठवला, आणि नानाजींचं उत्तर येण्याआधीच फोन खिशात, कांद्याशेजारी, ठेवून दिला.

माणसं जवळ यायला लागली तसा त्यांनी दुपट्टा पुन्हा तोंडावरून घेतला. मागे गाठ मारायला हात नेला, पण तिथे आधीच नूपुरचे हात आले होते. तिने गाठ चांगली घट्ट मारली. शरच्चंद्रांनी एक मोठा श्वास घेऊन पाहिला. तो आला.