दुसऱ्या स्लॉटमधलं कुंकू

"मरी गयं का हाई?" उखर्डूनानांनी विचारलं.

"मरस नही, नाना. पोट उघडेल शे फक्त. सरका, उजेड येऊ द्या."

धरणगावात लग्नपत्रिकांचं डिझाइन करणाऱ्या सुगंधाबाईंनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं पाडलं होतं. रॅमची पट्टी त्यांनी जळगावहून मुद्दाम शोधून आणलेली, कारण जुन्या मशीनला जुन्याच जातीची लागते. रिकाम्या दुसऱ्या स्लॉटमध्ये ती दाबली. खट्.

बटण.

टूं. टूं. टूं.

पडदा काळा.

तर काम असं. नानांच्या मुलीचं, ममताचं लग्न. पत्रिकेवर तिच्या वारलेल्या आईचा फोटो हवा. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. ती मागच्या रांगेत, चेहरा हरभऱ्याएवढा. तो नीट काढायचा तर फोटो खूप मोठा स्कॅन करावा लागतो, आणि तेवढा मोठा फोटो उघडला की मशीन

असंच. मध्येच थांबायचं.

आणि छपाई आज.

देवपूरहून हितेंद्रचा फोन. "आई, भंगारात दे ते. मी नवीन पाठवतो."

"नव्यात माझं सॉफ्टवेअर चालत नाही. पत्रिका काय हाताने लिहू? ठेव फोन."

नाना पुटपुटले, "राहू द्या ना अक्का. फोटोबिगर छापी टाका. ती थोडीच देखाले येस?"

"मना हातनी पत्रिका शे. गुपचूप बसा."

पट्टी काढून त्यांनी स्लॉटवर मोबाइलचा उजेड धरला. आत लाल. फटीत कुंकू दाटलेलं, एक अक्षत आडवी.

दसऱ्याला लोक कॅबिनेटवर फूल ठेवतात. सुगंधाबाई दरवर्षी झाकण उघडून आत कुंकू वाहत. बाहेरून पूजा करून काय? काम तर आतलं करतं.

"मशीनले बी सवाशीन करी टाकं अक्का तुम्ही!"

"हसा, हसा. पुढला दसराले नुसतं फूल."

ब्रशने फट झाडली. पट्टीचे पिवळे दात खोडरबराने घासले. परत दाबली. खट्, या टोकाला. खट्, त्या टोकाला.

टूं.

एकच. म्हणजे सगळं ठीक. सुगंधाबाईंना आश्चर्य वाटलं नाही.

त्यांनी फोटो उघडला, मागची रांग मोठी केली, अजून मोठी केली. मशीन थांबलं नाही. चित्र वरून खाली उतरू लागलं. मांडवाची झालर. पदराची कड. कपाळ.

नाना खुर्चीवरून उठले. पडद्यावर बायकोचे डोळे उतरायच्या आत त्यांनी टोपी सरळ केली.